बडोद्याच्या मंडळींनो, सक्ती नसताना हाताने काय लिहिता?

रावपुरेकर:

मी हिशेबनिसाच्या धंद्यात आहे, तेव्हा दिवसभर डोळ्यांपुढे टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. आमच्या बहुतेक व्यापाऱ्यांचं सगळं संगणकावर आहे, जीएसटी ऑनलाइन, बँकेचे उतारे ईमेलवर. तरी दिवाळीपूर्वी बाजारात जाऊन लाल कापडी पुठ्ठ्याचा एक चोपडा आणतातच. लक्ष्मीपूजनाला पहिल्या पानावर कुंकवाचा साथिया (स्वस्तिक), 'शुभ', 'लाभ' आणि 'श्री'ची उतरंड: वर एक, खाली दोन, त्याखाली तीन. शेजारी लॅपटॉप, त्याच्याही झाकणाला टिळा. दिवाळीतली लाभपाचम झाली की चोपडा कपाटात जातो तो कोराच राहतो. आमच्या ऑफिसातल्या शिपाईभाऊंची मुलं असल्या कोऱ्या चोपड्यांवर गणितं सोडवतात.

पूजेचं मी समजू शकतो. पण एक जुने कापडवाले काका आहेत, ते वर्षभर खरोखर चोपड्यात लिहितात. मुलगा टॅलीत, बाप चोपड्यात. पानाला रेघा नाहीत, घड्या घालून पाडलेले सळ आहेत, तेच रकाने. जमा डावीकडे, 'नावे' म्हणजे दिलेलं उजवीकडे. एकदा मी म्हटलं, काका, दुप्पट मेहनत कशाला? त्यांनी एक पान माझ्याकडे फिरवलं. काही नावांच्या खाली बारीक ठिपका होता. ज्याने उधारी देताना फेऱ्या मारायला लावल्या त्याच्या नावाखाली ठिपका. दोन ठिपके म्हणजे पुन्हा उधार नाही. "टॅलीमां रकम देखाय, माणस न देखाय," म्हणाले.

टॅलीत शेरा लिहायची सोय आहे हे मला माहीत आहे, काकांच्या मुलालाही माहीत आहे. कुणी लिहीत नाही.

तर प्रश्न असा: कोणी सांगितलेलं नसताना, कोणी मागितलेलं नसताना तुम्ही कागदावर हाताने काय लिहिता आणि का? सही, चेक, फॉर्म धरायचे नाहीत. 'पूर्वी कसं छान होतं' हेही धरायचं नाही, त्याचे धागे ढिगाने आहेत.

निळी दौत:

मी पयला!

रोज एक पान. मजकूर विचाराल तर 'आज ऊन फार, गाडी वेळेवर' याच्यापुढे फारसा जात नाही. लिहायचं असतं म्हणून पेन उघडत नाही, पेन उघडायचं असतं म्हणून लिहितो. व्यसन म्हणा.

शाईपेनवाल्यांची एक नेहमीची तक्रार इथे येणारच, म्हणून आधीच निकालात काढतो. 'साध्या वहीत शाई फुटते हो.' फुटते. मग लोक जाड कागदाच्या मागे लागतात. जाडीने शाई पाठीमागे उमटणं कमी होतं, फुटणं थांबत नाही. फुटणं थांबवते ती कागदाला दिलेली खळ. खळ असली की शाई वर बसते आणि वाळते, नसली की तंतूंमधून पळते. टीपकागद शाई पितो तो याचमुळे, त्याला खळच नसते. जुना हातकागद तर खळ देऊन वर दगडाने घोटायचे, म्हणून बोरू त्यावरून अडखळत नसे. शाळेच्या वह्यांचा कागद ५४ ते ६० जीएसएमचा (चौरस मीटरला तितके ग्रॅम). त्यातही काही वह्या शाई छान झेलतात आणि त्याच दुकानातल्या काही अगदी स्पंज. वहीच्या शेवटच्या पानावर एक ठिपका देऊन पाहायचा, दुकानदार कुरकुरला तरी.

@रावपुरेकर, त्या कोऱ्या चोपड्यांतला एक मला द्या. तपासून सांगतो.

टंकनवीर:

काडी टाकतो. हलके घ्या.

वर दोन प्रतिसाद आले. एकात माणूस ग्राहकांना गुण देतोय, दुसऱ्यात माणूस पेनाशी खेळतोय. दोन्हींत लेखन कुठे आहे? मी पंधरा मिनिटांत टंकतो ते तुम्ही तासभर लिहिणार, मग ते शोधता येणार नाही, पावसात भिजणार, घर बदलताना हरवणार. 'हाताने लिहिलं की लक्षात राहतं' हे कोणीतरी आता म्हणेलच. त्याच्यासाठी मी सज्ज आहे.

उजळणी:

>> 'हाताने लिहिलं की लक्षात राहतं' हे कोणीतरी आता म्हणेलच

मी म्हणणार नाही, पण माझी अडचण निराळीच आहे. मी यूपीएससीची तयारी करतेय. मुख्य परीक्षा अजून पेनाने द्यावी लागते. सामान्य अध्ययनाचा एक पेपर म्हणजे तीन तासांत २० प्रश्न, काही १५० शब्दांचे, काही २५० शब्दांचे. म्हणजे एका उत्तराला नऊ मिनिटं, विचार धरून. उत्तराला जागाही आखून दिलेली. नोट्स लॅपटॉपवर काढल्या आणि सराव करायला बसले तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ निघायला लागली की दुसऱ्या तासात 'लोकशाही' हा शब्द 'लोकशी' व्हायचा. आता रोज सकाळी दोन उत्तरं घड्याळ लावून.

हे सक्तीत मोडतं हे मान्य. पण सक्तीतून एक सवय लागली ती सांगते. टंकताना मी वाक्य सुरू करून मग ठरवते कुठे न्यायचं. पेनाने लिहिताना खोडायला वेळ नसतो, म्हणून वाक्य डोक्यात पुरं होईपर्यंत हात थांबतो. आता घरी पत्ता लिहितानासुद्धा थांबते. आई म्हणते, विसरलीस की काय?

खडूफळा:

प्राथमिक शाळेत शिकवते. टंकनवीर सज्ज आहेत म्हणतात, तर मीच पुढे होते.

मोठ्यांचं राहू द्या, अक्षरं शिकणाऱ्या मुलांचं बोलू. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात करीन जेम्स यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या आसपासच्या मुलांवर काम केलं, २०१२ मध्ये छापून आलं. काही अक्षरं मुलांनी स्वतः काढली, काही गिरवली, काही कळ दाबून उमटवली. मग ती अक्षरं दाखवताना मेंदूचं स्कॅनिंग केलं. वाचनाशी संबंधित भाग जागे झाले ते स्वतः काढलेल्या अक्षरांना.

यातला माझ्या कामाचा भाग वेगळाच आहे. गिरवलेल्या अक्षरांनी तो परिणाम साधला नाही. आपण इथे पिढ्यानुपिढ्या ठिपक्यांवरून कित्ता गिरवून घेतो. वेडंवाकडं का होईना, मुलाने स्वतः काढलेलं 'क' जास्त कामाचं ठरतं, कारण प्रत्येक वेळी ते थोडं निराळं येतं आणि तरी ते 'क'च असतं हे त्याला कळतं. हे कळल्यापासून मी पुस्तीची पानं निम्म्यावर आणली. पालकांच्या तक्रारी आल्या, वही 'घाण दिसते' म्हणून. येऊ देत.

टंकनवीर:

खडूफळा, मुलांचं मान्य. त्यावर माझा वाद नाही.

मोठ्यांचं मात्र ऐका. सगळे ज्या अभ्यासाचा दाखला देतात तो २०१४ चा, म्यूलर आणि ओपनहायमर यांचा. लॅपटॉपवाले विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवतात आणि समजेच्या प्रश्नांत मागे पडतात, असा निष्कर्ष. 'पेन कळफलकापेक्षा बलवान' म्हणून जगभर गाजला. २०१९ आणि २०२१ मध्ये दुसऱ्यांनी तो पुन्हा करून पाहिला. लॅपटॉपवाले जास्त शब्द आणि जास्त शब्दशः लिहितात हे पुन्हा दिसलं. परीक्षेतला फरक मात्र हवा तसा सापडला नाही.

दुसरा लाडका अभ्यास नॉर्वेचा, २०२४ च्या जानेवारीत आलेला. ३६ विद्यार्थी, डोक्यावर २५६ इलेक्ट्रोडची जाळी, आणि हाताने लिहिताना मेंदूच्या भागांमध्ये जास्त देवाणघेवाण दिसली. वर्तमानपत्रांनी 'कागद-पेन श्रेष्ठ' छापलं. आता गंमत: त्या प्रयोगात कागद नव्हताच. डिजिटल पेनाने स्क्रीनवर लिहिलं होतं. आणि टंकणाऱ्यांना उजव्या हाताच्या एकाच बोटाने टंकायला लावलं होतं. एका बोटाने टंकणारा माणूस मी शेवटचा पाहिला तो सरकारी कचेरीत.

तेव्हा आवडतं म्हणून लिहा, पण मेंदूच्या नावावर खपवू नका.

रावपुरेकर:

टंकनवीर, हे चांगलं केलंत. धागा काढताना स्मरणशक्ती माझ्या मनातही नव्हती. कापडवाले काका ठिपका लक्षात राहावा म्हणून देत नाहीत, विसरायची मोकळीक मिळावी म्हणून देतात.

डावखुरी:

सगळे शाई शाई करताय म्हणून अल्पसंख्याकांची बाजू मांडते. डावा हात डावीकडून उजवीकडे लिहिताना ओल्या अक्षरांवरून जातो. करंगळीची कड कायम निळी. शिवाय उजवे लोक निब ओढतात, आम्हाला ती ढकलावी लागते, आणि शिरोरेघ म्हणजे तर सलग ढकलणं! निब कागदात रुतते, फाटते, थुंकते. शाळेत मला त्यावरून बोलणी बसायची.

सुटका अशी झाली: गुजराती माध्यमात गेले. गुजरातीला डोक्यावर रेघ नाही. तेव्हापासून मराठीही बिनरेघेचीच लिहिते. पुण्याची मावशी पत्र वाचून म्हणायची, काय गं, ही अक्षरं उघडीबोडकी का?

मांडवीची सून:

डावखुरी, अगदी! आमच्याकडे तर एक पाऊल पुढे. सासूबाईंचं सगळं शिक्षण गुजरातीत. घरात बोलणं मराठी. त्यामुळे त्यांची पाककृतींची वही मराठीत आहे पण लिपी गुजराती. 'पुरण शिजल्यावर लगेच वाटायचं, गार झालं की चिवट होतं' हे अख्खं वाक्य गुजराती अक्षरांत. मी मूळची नाशिकची, लग्न होऊन आले तेव्हा मला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. ती वही वाचायला म्हणून मी गुजराती लिपी शिकले, आणि मग दुकानांच्या पाट्या फुकटात वाचता यायला लागल्या.

सासूबाई आता नाहीत. वहीत एकेका कृतीला दोन-तीन शाया आहेत. मूळ निळ्याने, मग लाल बॉलपेनाने 'मीठ कमी', मग काळ्याने 'ह्यांना चालत नाही' आणि त्याखाली एक तारीख. ती तारीख सासऱ्यांच्या पहिल्या हार्ट अटॅकनंतरची आहे. कोणी मुद्दाम लिहून ठेवलेलं नाही, पण घरात काय चाललं होतं ते लोणच्याच्या पानावरून कळतं.

माझ्या प्रश्नाकडे येते. पानं सुटायला लागलीत. नणंदबाई म्हणतात लॅमिनेट करून टाक. करू का?

बोरू:

मांडवीची सून, लॅमिनेशन अजिबात नको! ते उलटवता येत नाही, प्लास्टिक आणि कागद एकजीव होतात. सेलोटेपही नको. त्याचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो. आधी प्रत्येक पानाचे दिवसाच्या उजेडात, उन्हात नव्हे, सरळ वरून फोटो काढा. मग सुटी पानं क्रमाने स्वच्छ पांढऱ्या कागदांच्या घडीत ठेवून पुठ्ठ्याच्या खोक्यात, स्वयंपाकघरापासून लांब. लाल बॉलपेन उजेडात उडतं आणि साधी निळी शाई पाण्यात धुतली जाते, तेव्हा फोटो आजच काढा.

मी मोडी वाचतो. हौसेने सुरू केलं, आता लोक जमिनीचे, देवस्थानांचे कागद घेऊन येतात. बडोद्यात मोडीला तोटा नाही. गायकवाडीचा कारभार पिढ्यानपिढ्या मोडीत चालला आणि त्याची दप्तरं इथेच आहेत. रियासतकार सरदेसाई १८८९ पासून सयाजीरावांच्या नोकरीत होते, इथेच त्यांना इतिहासाची गोडी लागली, आणि पुढे पेशवे दप्तरातले निवडक कागद त्यांनी ४५ खंडांत काढले. ते सगळं कुणा ना कुणा कारकुनाच्या हातचं.

मोडीत आधी कागदभर आडव्या रेघा ओढून घेतात आणि मग अक्षरं त्यांना खालून टांगतात, हात शक्यतो न उचलता. म्हणजे डावखुरीताईंचा प्रश्न मोडीने आधीच सोडवला होता: रेघ अक्षराबरोबर ढकलायचीच नाही. आणि गुजराती बिनरेघेची, तिचं एक जुनं नाव वाणियाशाई, कारण ती पत्रांची आणि हिशेबाची लिपी. दोन्ही घाईत असलेल्या माणसांच्या लिप्या. एकाने रेघ आधीच उरकली, दुसऱ्याने टाकूनच दिली.

मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली. आनंद झाला. पण टंकलेली मोडी झरझर वाचणारा मुलगा खऱ्या कागदापुढे बसला की गप्प होतो. फाँटमध्ये एक 'र' असतो, दप्तरात जितके कारकून तितके 'र'.

शाईबद्दल एकच. जुनी काळी शाई म्हणजे काजळी आणि डिंक. काजळी म्हणजे कार्बन, तो उडत नाही, कागदालाही काही करत नाही. हिराकशीची (लोखंडाच्या क्षाराची) शाई मात्र अॅसिड धरते आणि जिथे दाट पडली तिथे कागदच खाते. निळी दौत, काजळीची शाई तुमच्या पेनात चुकूनही भरू नका. निबेखालची जीभ चोंदली की पेन गेलं.

गोळ्या दोन वेळा:

डॉक्टर आहे. हजेरी लावतो, मग शिव्या खातो. २०२५ मध्ये पंजाब-हरयाणाच्या उच्च न्यायालयाने म्हटलं की वाचता येईल असं प्रिस्क्रिप्शन मिळणं हा रुग्णाचा मूलभूत हक्क आहे. बरोबरच आहे. आमच्या दवाखान्यात आता सगळं छापील. फरक एवढाच की पूर्वी केमिस्ट फोन करून विचारायचा 'हे काय लिहिलंय', तेव्हा दोनदा माझीच गफलत सापडली होती. आता छापील असल्यामुळे कोणी शंका घेत नाही.

धाग्याला उत्तर: रात्री झोपण्यापूर्वी उद्याच्या तीन कामांची चिठ्ठी. पाठकोऱ्या कागदावर. फोनवर केली की फोनच उघडा राहतो.

कमाटीबाग:

बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते.

बाबा रोज डायरी लिहायचे. खर्च, कोण आलं, कोणाला पत्र टाकलं. निवृत्तीनंतरही. एक दिवस आईने सहज म्हटलं, हल्ली तुमचं अक्षर किरटं झालंय. बाबा म्हणाले, चष्मा बदलायला हवा. चष्मा बदलला, अक्षर तसंच. ओळ सुरू व्हायची ती बऱ्यापैकी, आणि उजवीकडे जाता जाता बारीक बारीक होत जायची. न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो तर त्यांनी तपासण्याआधी कागद पुढे केला, एक वाक्य चार वेळा लिहा म्हणाले. पार्किन्सन्समध्ये असं होतं, त्याला मायक्रोग्राफिया म्हणतात.

नंतर मी घरी जुन्या डायऱ्या काढून बसले. पूर्वी एका पानावर जितका मजकूर मावायचा तितकाच मजकूर पुढेपुढे अर्ध्या पानात संपतोय. खर्चाचे आकडे तेवढे मोठे राहिले होते, बहुतेक ते लिहिताना ते थांबून लिहीत असावेत. निदान व्हायच्या किती आधीपासून सुरू होतं ते महिना लावून सांगता आलं. डॉक्टरांनी दोन पानांचे फोटो मागून घेतले.

बाबा अजून लिहितात. फिजिओवाल्या ताईंनी ठळक रेघांची वही घ्यायला सांगितली, रेघेला टेकेल एवढं मोठं अक्षर काढायचं. मुलाची जुनी दुरेघी वही दिली तर रागावले. मग मीच साध्या डायरीत मार्करने रेघा मारून देते.

उजळणी:

कमाटीबाग, बाबांना नमस्कार सांगा.

टंकनवीर:

कमाटीबाग, मनापासून लिहिलंत. काकांना आराम पडो.

तरी माझी सवय जात नाही, म्हणून एक माहिती देतो. कळा किती वेळ दाबल्या जातात आणि कधी सुटतात यावरून पार्किन्सन्सची सुरुवात ओळखता येते का हे एमआयटीच्या संशोधकांनी तपासलंय, २०१६ चा शोधनिबंध आहे, आणि निकाल बऱ्यापैकी आश्वासक होता. म्हणजे टंकतानाही हात बोलतोच.

रावपुरेकर:

बोलतो, पण कोणाजवळ? तुमच्या कळांची नोंद असलीच तर कुठल्यातरी कंपनीच्या संगणकात असणार. कमाटीबाग यांनी कपाट उघडलं आणि त्यांना ते दिसलं. त्यासाठी बाबांना कुठलंही अॅप 'मान्य आहे' म्हणून दाबावं लागलं नव्हतं.

आणि मला इथे एक उलटं वाटायला लागलंय, मांडतो. समर्थांनी दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर खर्च केला. त्यात अपेक्षा काय, तर सुरुवातीपासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं. तेव्हा ते योग्यच होतं. पोथी नकलून घ्यायची तर नकलणाऱ्याचा थकवा, सर्दी, भांडण पानावर उतरता कामा नये. शाळेतल्या 'मोत्यासारख्या' अक्षराचा आग्रहही तिथूनच आला. हे एकसारखं लिहिण्याचं काम आता यंत्राने पूर्ण उचललं, आणि आपल्यापेक्षा शंभरपट चांगलं उचललं. मग हाताकडे उरलं काय? जे एकसारखं नाही ते. ठिपका, लाल शाईतलं 'मीठ कमी', उजवीकडे बारीक होत गेलेली ओळ. पूर्वी हे लेखनातले दोष धरले जायचे, आता हाताने लिहायला तेवढंच कारण शिल्लक आहे. टंकनवीर म्हणतात तसं मेंदूचं बिंदूचं मला ठाऊक नाही.

खडूफळा:

रावपुरेकर, एवढं सरसकट नको. तुमचा सिद्धांत मोठ्यांना शोभतो. माझ्या वर्गात चाळीस वह्या तपासायच्या असतात, तिथे मला एकसारखंच लागतं! आणि यंत्रातलं अक्षरही आभाळातून पडलेलं नाही. विंडोजवर वर्षानुवर्षं ज्या मंगल फाँटमध्ये आपण मराठी वाचली तो र. कृ. जोशींनी केलेला, आणि ते मुळात सुलेखनकार. आधी हात, मग फाँट.

डावखुरी:

+१. शिवाय 'वाईट अक्षराचं कौतुक' फक्त ज्यांना अक्षरावरून मार बसला नाही त्यांना परवडतं. :)

उजळणी:

अवांतर: या वयात अक्षर सुधारतं का? माझं वाचणाऱ्याला त्रास होतो असं सराव-पेपर तपासणारे सर म्हणतात.

खडूफळा:

सुधारतं. सुंदर करायच्या नादी लागू नकोस. तीनच गोष्टी: दोन शब्दांत अंतर वाढव, काना-मात्रा अक्षरापासून सुटे ठेव, आणि 'भ-म', 'घ-ध' यांत फरक ठसठशीत दिसू दे. वाचणारा अडतो तो तिथे. शिरोरेघ शब्द झाल्यावर एका झटक्यात, अक्षरागणिक नको. आणि वयाचं म्हणशील तर सयाजीराव १८७५ मध्ये दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि लिहिता-वाचता येत नव्हतं. तिथून मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी चारही शिकले.

निळी दौत:

चोपडा मिळाला, रावपुरेकरांचे आभार. चाचणी घेतली. निराशा आहे मंडळी. पुठ्ठा झकास, शिवण झकास, कागद मात्र स्पंज. पहिल्याच 'श्री'ला दाढी फुटली. बॉलपेनाने मात्र मस्त चालतो. कापडवाले काका कशाने लिहितात?

रावपुरेकर:

बॉलपेन. निळं, दहा रुपयांचं. :))

मांडवीची सून:

बोरू, फोटो काढून झाले. नणंदबाईंशी लॅमिनेशनवरून थोडं वाजलं, पण ऐकलं त्यांनी. आता मी कृती एकेक करून टाइप करायला घेतल्यात (टंकनवीर, खूश?). पण एका जागी अडले आहे आणि इथे हिशेबवाले आहेत म्हणून विचारते.

गुळपापडीच्या पानावर लिहिलंय: कणीक २, तूप १ आणि पुढे एक उभी काठी, गूळ १ आणि पुढे दोन काठ्या. खाली जायफळापुढे शून्य आणि तीन काठ्या. सासूबाईंच्या वहीत वाक्यं संपल्यावर टिंब असतं, त्यामुळे हे पूर्णविराम नव्हेत. घरात सगळे अंदाजाने करतात आणि प्रत्येकाची वेगळी होते.

रावपुरेकर:

अहो, हे तर आमच्या काकांच्या चोपड्याचं व्याकरण! एक काठी म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड. पाव, अर्धा, पाऊण नुसते असले की आधी शून्य: ०।, ०॥, ०॥।. तेव्हा तूप सव्वा वाटी, गूळ दीड वाटी, जायफळ पाऊण. सासूबाईंच्या माहेरी दुकान होतं का?

मांडवीची सून:

होतं! किराणा मालाचं. त्यांचे वडील गल्ल्यावर बसायचे आणि या शेजारी बसून वही लिहायच्या असं सांगायच्या.

पण आता घोटाळा झालाय. कैरीच्या लोणच्याच्या पानावर 'हिंग ०॥ तोळा' असं आहे. नणंदबाई गेली कित्येक वर्षं सगळ्यांना ठासून सांगतात की आईच्या लोणच्यात हिंग नसतोच, तिने स्वतः शून्य लिहून पुढे दोन उद्गारचिन्हं दिलीत. आणि बिनहिंगाचं लोणचं करून चार घरी वाटतात. आता त्यांना हे सांगायचं कोणी?

टंकनवीर:

पोस्टकार्ड टाका. ५० पैसे. खाली नाव लिहू नका.

डावखुरी:

आणि अक्षर ओळखू येईल त्याचं काय? मला द्या, डाव्या हाताने लिहून देते.